मातीच्या बाई आणायला गेले त्याची हकिकत

कोकणात कोणी समुद्र बघायला जातं, कोणी आंबे खायला, कोणी नवस फेडायला. मी गेले होते एक प्राध्यापिका पळवून आणायला. हे शब्द आमच्या कुलगुरूंच्या कानावर गेले तर ते म्हणतील, 'नियुक्तीपूर्व भेट' असं लिहा. म्हणोत बापडे. मी पळवायलाच गेले होते.

त्याचं असं झालं. आमच्या विद्यापीठात जमिनीच्या वापराचा अभ्यास आणि नियोजन करण्यासाठी एक नवा विभाग मंजूर झाला. कल्पना झकास होती. भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पती, माती, कायदा अशा वेगवेगळ्या विषयांची माणसं एका छपराखाली बसवायची आणि एकाच जमिनीकडे सगळ्यांनी मिळून बघायचं. विभागप्रमुखपदाची माळ माझ्या गळ्यात पडली, कारण बाकी कुणाला ती नको होती. पहिलंच काम आलं रत्नागिरी जिल्ह्याचं. कुठे बागा, कुठे वस्ती, कुठे कारखाने, कुठे रान, याचा आराखडा करायचा. भूगोलाची मी होते, अर्थशास्त्राचे भागवत होते, वनस्पती आणि कायदा यांचीही सोय झाली. घोडं अडलं ते मातीपाशी. जाहिरात दिली तर जे अर्ज आले ते सगळे उसाच्या काळ्या रानातले. मुलाखतीत एकाला मी विचारलं, "कोकणातला जांभा दगड बघितलाय का हो?" तर म्हणाला, "फोटोत." निवड समितीतले एक थोर गृहस्थ मला म्हणाले, "अहो बाई, माती ती माती. घ्या की यातलाच एखादा." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण तेव्हापासून ते मला जिन्यात आधी वाट देतात.

समितीने मग मुदतच घातली. दिवाळीच्या आत मातीची जागा भरा, नाही तर जागा रद्द. आणि जागा रद्द झाली की आराखड्याचं कामही आमच्याकडून जाणार. ते उचलायला मुंबईची एक खासगी कचेरी टपलेलीच होती. त्यांचा कच्चा नकाशा मी पाहिला होता. जिल्ह्यातला जेवढा म्हणून सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार, तेवढा सगळा करड्या रंगात रंगवलेला, आणि त्यावर शब्द एकच: पडीक. एकदा का पडीक लिहिलं की तिथे कुणीही यावं आणि काहीही करावं. माझं डोकं फिरलं होतं ते त्यामुळे.

एक नाव मात्र माझ्या मनात होतं. डॉ. सुनंदा मांडवकर, रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या. सोलापूरला एका चर्चासत्रात त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मागच्या भिंतीवर जिल्ह्याचा असाच एक नकाशा टांगलेला होता. त्यांनी त्यातल्या मोकळ्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे काही नाही असं दाखवलंय. मी इथली आहे." सभागृह हसलं. मला काही हसू आलं नाही. आमच्या जाहिरातीला त्यांनी अर्ज केलेला नव्हता. मी पत्र टाकलं, तर उलट टपाली उत्तर आलं की यायला आवडेल, पण आधी तुम्हीच एकदा इकडे या. मग काय, गणपती आटोपल्यावर भागवतांना बरोबर घेतलं आणि एसटीत जाऊन बसले.

रत्नागिरी

सुनंदाबाई स्टँडवर छत्री घेऊन उभ्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पंचेचाळिशीच्या, पायात पावसाळी प्लास्टिकच्या चपला. सोलापुरात छापल्यासारखं बोलणाऱ्या या बाई इथे कंडक्टरशी बोलताना निराळ्याच झाल्या. वाक्य मध्येच उंच जायचं, तिथे जरा रेंगाळायचं आणि मग सावकाश खाली उतरायचं. मी मूळची बार्शीची. आमचं बोलणं म्हणजे खडी फोडल्यासारखं. मी नुसता पत्ता विचारला तरी इथल्या रिक्षावाल्याला वाटलं की मी भांडतेय.

दुपारी खानावळीत तव्यावरचा बांगडा आला आणि मी विभाग, समिती, मुदत सगळं विसरले. त्याबरोबर तांदळाची भाकरी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी हातावर थापतात, तिला खरपूस डाग पडतात आणि ती चावायला दात लागतात. ही मऊ, पांढरीशुभ्र, तोंडात घातली की गेलीच. भागवत शाकाहारी. त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं. पहिला घास घेताना त्यांचा चेहरा संशयी होता, दुसऱ्या वाटीला तो निवळला आणि तिसरी वाटी त्यांनी माझ्याकडे न बघता मागून घेतली.

जेवण झाल्यावर बाई आम्हाला मिरजोळ्याला घेऊन गेल्या. तिथे सरकारी औद्योगिक वसाहत आहे. सपाट केलेली जमीन, सरळ रस्ते, पत्र्याच्या शेड, तारांची कुंपणं. पाऊस नुकताच थांबलेला होता आणि लाल पाणी गटारातून धो धो वाहत होतं.

"हा सडाच होता," बाई म्हणाल्या. "कारखान्यांना माझा विरोध नाही हो. माझा सख्खा भाचा इथे कामाला आहे, त्याचं घर चालतं यावर. पण घेण्याआधी आपण काय घेतोय ते कुणी बघायला तरी हवं होतं."

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. तिथे बसल्यावर मी सरळ मुद्द्यालाच हात घातला. मला आडवळणं जमत नाहीत.

"बाई, तुम्हाला यायचंय की नाही?"

"यायचंय," त्या म्हणाल्या. "फार यायचंय. इथे प्रयोगशाळा म्हणजे एक ओट्याची खोली. वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना तेच तेच शिकवते. माझं चुकत असेल तर 'चुकतंय' म्हणणारंसुद्धा कुणी नाही इथे. मला भांडायला माणसं हवीत."

"भांडायला ना? मग योग्य माणसाशी गाठ पडलीय," भागवत माझ्याकडे बघून म्हणाले.

"मग करा सही!" मी पिशवीतून संमतीचा कागद काढलासुद्धा.

"विचारावं लागेल."

"कुणाला? घरी?"

"गावाला. म्हणजे, देवाला."

भागवतांचा कप ओठापाशीच थांबला. माझा पारा चढला. मी म्हणाले, "अहो, तुम्ही विज्ञानाच्या डॉक्टर ना? मी पुण्याहून धडपडत आले ती काय देवाची परवानगी काढायला?" टपरीवाला भजी तळायचं थांबून बघायला लागला. बाई शांतच होत्या. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मला सगळं नीट उलगडून सांगितलं.

त्यांचं गाव राजापूर तालुक्यात. गावाच्या वरच्या सड्याचा एक तुकडा ग्रामदेवतेच्या नावावर आहे. काही वर्षांपूर्वी बाईंनी गावाकडे तो तुकडा मागितला. तिथे गुरं सोडायची नाहीत, गवताला आग लावायची नाही, बाई तिथे दगडांच्या ओळी मांडणार आणि उघड्या कातळावर माती कशी धरते ते बघत राहणार. गाव हो म्हणालं. पण गुरांचं चरणं सोडायचं म्हणजे गावाला सोपं नव्हतं. म्हणून त्यांनी बाईंकडून देवापुढे शब्द घेतला, की हे काम अर्ध्यावर टाकून जाणार नाही.

"शब्द देवापुढे दिलाय," बाई म्हणाल्या. "मी आत्ता सही करीन हो. पण मग त्या गावात पाय कसा ठेवू?"

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

म्हणजे माझा विभाग, तो आराखडा, दोन वर्षांची माझी धावपळ, सगळं आता राजापुराकडच्या एका देवाच्या हातात. मी कपाळाला हात लावला.

सडा

दुसऱ्या दिवशी एसटीने राजापूर, तिथून दुसरी एसटी आणि मग चढण. पायवाट झाडीतून वर जाते, दोन्ही बाजूंना ओल्या दगडांचे गडगे, म्हणजे बागांची दगडी कुंपणं. भागवत दर वळणावर थांबून निसर्गसौंदर्य बघत होते, म्हणजे दम खात होते. मी आपली वैतागलेलीच होते. मनात भाषण जुळवत होते, गावाला काय सांगायचं, कसं पटवायचं. शेवटचं वळण संपलं, झाडी मागे राहिली आणि आम्ही सड्यावर आलो.

"अगं आई गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

करडा रंग कुठेच नव्हता. काळ्या कातळावर नजर पोचेल तिथवर फुलं. एका बाजूला निळी-जांभळी, नखाएवढी, त्यांना सीतेची आसवं म्हणतात. पलीकडे पांढरे गेंद, तुटलेल्या माळेतले मणी सांडावेत तसे. त्यांच्यामधून कवल्याचे पिवळे पट्टे, आणि कडेला गुलाबी तेरडा. कातळाच्या प्रत्येक खोलगट जागी पाणी साठलेलं आणि त्या पाण्यात ढग. पश्चिमेला दूर खाली समुद्राची चकाकती रेघ. वाऱ्याशिवाय आवाज नाही. मला पाऊल टाकवेना, कारण टाकू तिथे फुलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते विचारू नका. मी काही फुलं बघून रडणारी बाई नाही.

"दिवाळीपर्यंत हे सगळं सुकून जाईल," सुनंदाबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये आलात तर कातळ तापलेला असतो, नुसता काळा. नकाशावाले मार्चमध्ये येतात. रस्ते कोरडे असतात ना."

एवढ्यात मागे धप्प असा आवाज आला. भागवत शेवाळावरून घसरून एका डबक्यात बसले होते, पाण्यात, व्यवस्थित मांडी घालून. "मला लागलेलं नाही," ते गंभीरपणे म्हणाले, "पण मला जरा इथेच बसू द्या. इथून फार छान दिसतंय." आम्ही तिघंही इतके हसलो की बाईंना खाली बसावं लागलं.

मग त्यांनी आपला तुकडा दाखवला. कातळावर उताराला आडव्या, गुडघ्याच्याही खाली येतील अशा दगडांच्या ओळी. बघायला काही नव्हतं त्यात. "हात घाला," बाई म्हणाल्या. मी एका ओळीच्या वरच्या अंगाला, ओल्या गवतात बोटं खुपसली. बोटं आत गेली. खाली कातळ लागला तो बोटं पुरती बुडाल्यावर.

"इथे आधी काय होतं?"

"कातळ. झाडून घेतल्यासारखा."

"मग ही कुठून आली?"

"वाऱ्यानं आणली, पावसानं आणली, शेवाळ कुजलं, गवत कुजलं. मी फक्त दगड मांडले आणि वाट बघितली."

मी ती माती मुठीत घेतली. लालसर काळी, भिजलेली, तिला चांगला वास येत होता. माझी पन्नाशी उलटून गेलीय. उभं आयुष्य मी जमीन शिकवली, तिचे प्रकार, तिचे उतार, तिची धूप. जमीन जन्माला येताना मात्र मी पहिल्यांदा बघत होते. मूठ उघडवेना मला. सड्याच्या कडेला हापूसची कलमं होती. ती लावायला लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले आणि खालून डोक्यावरून माती वाहून आणून ते भरलेले. एका झाडासाठी एवढा उपद्व्याप करणारी माणसं! आमच्याकडे नांगर घातला की जमीन हजर, म्हणून आम्हाला तिची किंमत कळत नाही की काय, असं मला तिथे वाटलं आणि जरा लाजही वाटली.

आणि तिथेच भीतीही वाटली. या बाईंना मी पुण्याला नेलं, तर या दगडांपाशी कोण वाट बघत बसणार?

उतरून आम्ही त्यांच्या चुलत्यांकडे गेलो. सगळे त्यांना आबा म्हणतात. गावाचे गावकार ते, म्हणजे देवाच्या कामात पुढाकार त्यांचा. काटक म्हातारा, डोळ्यांत मिस्किली. ओल्या भागवतांना त्यांनी आपलं धोतर नेसायला दिलं. जेवायला तांदळाचे घावन आणि तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, कोशिंबीर. धोतर नेसलेले भागवत ओटीवर बसून अर्थशास्त्र करायला लागले. अंगणात फणसाचं मोठं झाड होतं.

"आबा, हे झाड तुमचंच ना?"

"झाड आमचां."

"म्हणजे ही जमीन तुमची."

"छ्या! जमीन धाकट्या घराची. झाड तेवढां आमचां."

"आणि फणस?"

"एक साल आमचे, एक साल मुंबैवाल्या भावाचे."

"असं कसं? मग उद्या विकायचं झालं तर?"

"कुनाला इकायचां हाय?" आबांनी विचारलं. भागवत फणसाकडे बघत हळूच मला म्हणाले, "बाई, मी आजवर जे शिकवलं त्यात हे झाड कुठेच बसत नाही." त्यांना दुःख नव्हतं झालं. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसा चेहरा होता त्यांचा.

मी आबांना म्हणाले, "तुमच्या पुतणीला मी न्यायला आलेय."

"ठाऊक हाय. तिनं सांगितलान मला." आबा पान लावत म्हणाले. "माजां काय जातंय? पन ह्याचां उत्तर एकट्यानं द्यायचां न्हाय. सकाळी देवळात बसूया."

देऊळ

देऊळ गर्द झाडीत आहे. त्या रानातली काडीही कुणी तोडत नाही, म्हणून झाडांचे बुंधे चौघांच्या कवेत मावणार नाहीत असे. कौलारू छप्पर, जांभ्याचा चौथरा, आत शेणाने सारवलेला मंडप. माणसं एकेक करत जमली, बायकाही आल्या. सगळ्यांनी मला "जेवलाव काय? झोप लागली काय?" असं विचारलं. माझ्या मनात चाललेल्या भांडणाला काही जागाच मिळेना.

पद्धत अशी. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवतात. मग गुरव, म्हणजे गावाचा पुजारी, देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने सगळी हकिकत सांगून प्रश्न विचारतो. उजव्या अंगाचा कळा पडला तर होकार, डाव्याचा पडला तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. मी हाताची घडी घालून खांबाला टेकून उभी राहिले.

गुरवाने खणखणीत आवाजात सुरुवात केली. गावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली, सीमेवरच्यांचीसुद्धा, कुणी राहून रुसायला नको. मग म्हणाला, "महाराजा, तुजी लेक सुनंदा पुन्याला जायाचां म्हनत्ये, तिनं जावां की न जावां, काय तो निवाडा दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळा मंडप एकदम बोलला.

मग वाट बघणं. बाहेर झाडांवरून पाणी ठिबकत होतं. भागवत माझ्या कानाशी पुटपुटले, "ओलावा सुकला की पडणार. ज्या बाजूला वारा लागेल तो आधी."

"गप्प बसा हो," मी म्हणाले.

डावा कळा पडला.

सुनंदाबाईंनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागल्या. ते बघून माझा संताप अनावर झाला. एवढी हुशार बाई, एवढं मोठं काम, आणि एका कळीने सगळं संपवलं! मी खांब सोडून पुढे झाले. "हे बघा," मी सुरू केलं, "मला तुमच्या रीतीचा अपमान करायचा नाही, पण..."

"बसा बाई, बसा," आबा म्हणाले. "देव न्हाय म्हनाला न्हाय. आमीच इचारलां चुकीचां."

"म्हणजे?"

"पोरगी जाऊ की न जाऊ, असां इचारलां. पोरगी काय देवानं दाव्याला बांधून ठेवलीय? ती जाईल न्हायतर र्‍हाईल. देवाकडं हाय तो तिचा शब्द. इचारायचां ता शब्दाचां. घाई केलंव आमी."

आणि मग मंडपात जी चर्चा सुरू झाली, तशी मी कुठल्या परिषदेत ऐकलेली नाही. गुरं राखणारा एकजण म्हणाला, की पोरगी गेली तर दोन पावसांत लोक तिथे गुरं सोडतील, मीच सोडीन, खोटं कशाला बोलू. सुनंदाबाईंची काकू म्हणाली, "शब्द शब्द करताव, पन ती थय रत्नागिरीत एकटी खपत्ये, सुकून चाललीय, ता कुनी बघतंय काय?" कुणी म्हणालं, देव काय माणसाला कोंडायला शब्द घेत नाही. कुणी म्हणालं, मग घ्यायचाच कशाला. आमच्याकडे समितीत प्रत्येक विषयाचा माणूस आपापलं दार धरून उभा असतो. इथे चटईवर बसलेली ही सगळी माणसं एकाच प्रश्नाला चहूकडून हात लावत होती, एकमेकांना खोडत होती, आणि तरी प्रश्न पुढे सरकत होता. मी राग विसरून ऐकत बसले.

शेवटी कोपऱ्यात बसलेले एक गृहस्थ बोलले. जन्मभर बोटीवर नोकरी करून आता घरी आलेले. म्हणाले, "बोटीवर पहाऱ्याचा माणूस दमला म्हणून उठून जात नाही. दुसरा येऊन उभा राहतो. पहिला त्याला तोंडाने सांगतो काय काय बघायचं ते, दुसरा म्हणतो 'घेतला', मग पहिला झोपायला जातो. शब्द टाकायचा कशाला? कुणाच्या तरी हातात द्यावा."

मंडपात माना हलल्या. ते सगळ्यांना पटलं होतं, दिसतच होतं.

"राखन आमी करू," आबा म्हणाले, "ता गावाचां काम. पन मोजायचां, बगायचां, तडीला न्यायचां, ता कोन घेनार?"

कुणी माझं नाव घेतलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघायला लागले. भागवतसुद्धा.

"अहो," मी म्हणाले, "मी देव मानत नाही. खोटं कशाला बोलू? उगाच हात जोडले तर ते तुम्हालाच फसवणं होईल."

गुरव देवापाशी बसला होता. मागे वळून म्हणाला, "नसाल मानत. शब्द मानताव ना?"

मी शब्द मानते. सही केली नसली तरी पाळते, आणि दुसऱ्याने मोडला तर आयुष्यभर विसरत नाही. मला एकदम काल मुठीत धरलेली माती आठवली आणि वाटलं, की हे ओझं घ्यायला मी का कचरतेय? कचरतेय ते देवाला नाही, ते काम खरंच मोठं आहे म्हणून. माझ्यानंतरही चालेल एवढं मोठं.

"घेते," मी म्हणाले.

माझ्या हातात नारळ दिला. सुनंदाबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांसमक्ष मला सांगितलं: डाव्या अंगाची तिसरी ओळ पावसात फुटते, कुठे उंदीर पोखरतात, मे महिन्यात वणवा कुठून येतो, दर भाद्रपदात येऊन माती कुठल्या बाजूने मोजायची. मी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होते. त्या थांबल्या तेव्हा मी म्हणाले, "घेतला."

गुरवाने पुन्हा कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. "महाराजा, ही पुन्याची बाई. जरा तापट हाय." मंडपात हशा पिकला. "तुज्यावर तिची श्रद्धा न्हाय, ता तिनं तोंडावर सांगितलान. पन सड्यावर मातीत हात घातलान, आनि आज सुनंदाचा शब्द आपल्या माथ्यावर घेतलान. दर भादव्यात हितं येईल, काम तडीला नेईल. तिला बुद्धी दे, सुनंदाला थय पुन्याला नीट ठेव, आनि शब्दातून मोकळी कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

त्या आवाजात एक आवाज खडी फोडल्यासारखा होता. तो माझा होता, हे मला जरा वेळाने कळलं.

पुन्हा ते थांबणं. मी नारळ इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मग उजवा कळा सुटला, पाषाणावरून घरंगळला आणि खाली पडला. सुनंदाबाईंनी तोंडावर पदर घेतला. काकूने त्यांना जवळ ओढलं. मी भागवतांकडे बघितलं. ओलावा आणि वारा यांचं त्यांनी काही काढलं नाही. हात जोडून उभे होते.

परतताना

सही झाली ती आबांच्या ओटीवर. दिवाळीआधी कागद समितीपुढे जाईल आणि दिवाळीनंतर मातीच्या बाई आमच्याकडे रुजू होतील. जागा वाचली, आराखडा वाचला. मी पुण्याहून निघताना एवढंच मागितलं होतं.

आबा वाटेपर्यंत पोचवायला आले. "म्होरल्या भादव्यात यायचां."

"आणि नाही आले तर?" मी मुद्दामच विचारलं.

"तर काय न्हाय. देव काय तुमाला शोधायला पुन्याला येनार हाय?" ते पान चघळत म्हणाले. "आमी येऊ."

सुनंदाबाई राजापूर स्टँडपर्यंत आल्या. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, "काय हो, वाईट वाटतंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पाऊस वाढला की छातीत धस्स व्हायचं, ओळी फुटल्या असतील म्हणून. आज सकाळपासून पडतोय, आणि मला काहीच वाटत नाहीये. हलकं वाटतंय हो बाई. फार हलकं."

त्या अगदी लहान मुलीसारख्या हसल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत चढले.

आंबा घाटात पावसाने झोडपून काढलं. काचेवरून पाण्याचे लोट जात होते, ड्रायव्हरला समोरचं दिसेना. भागवत घोरत होते. मी मात्र ताठ बसून होते. आत्ता सड्यावरही असाच कोसळत असेल, डाव्या अंगाची ती तिसरी ओळ धरून राहील ना, असं सारखं मनात येत होतं.

देव मी मानत नाही. हे मी तिथे म्हणाले, इथेही म्हणते. पण पुढच्या भाद्रपदात मी रजेवर आहे. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून कुणी समितीची बैठक लावू नये.